दुपारचा बंद कॅमेरा

“आजही कॅमेरा बंद होता,” मुलगा म्हणाला. “रोज दुपारीच कसा बंद पडतो, मावशी?”

वडिलांची देखभाल करणाऱ्या मावशी चादर पिळत होत्या. “बिघडला असेल.”

“तोंडी सांगितलं की तो बंद होतो. कसं सांगायचं, ते मीच तुम्हाला शिकवलं. घरात बोलणारं दुसरं आहे कोण?”

वडील पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. पक्षाघाताच्या झटक्यात त्यांची वाचा गेली होती. त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकायला मुलाचे कान आसुसले होते. कामामुळे तो दिवसभर बाहेर, म्हणून त्याने हौसेने हा कॅमेरा बसवला. डबा खाताना तो फोनवर वडिलांना बघत बसे. काळजी म्हणा, पहारा म्हणा.

“आणि चादर रोज कशी भिजते?”

“माझ्या हातून पाणी सांडतं.” मावशींनी मान खाली घातली.

तेवढ्यावरून मुलाने काय ते ओळखलं. “कॅमेरा बंद करून झोपा काढायच्या आणि पाणीही धड पाजायचं नाही. उद्यापासून येऊ नका.”

वडिलांचे ओठ थरथरले. मुलाने रुमालाने त्यांची लाळ पुसली. “तुम्ही त्रास करून घेऊ नका, बाबा.”

मावशींनी चादर दोरीवर नीट पसरली आणि पिशवी उचलली. दारातून त्यांनी एकदा पलंगाकडे पाहिलं. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

मावशी गेल्या आणि मुलाला स्वतःचीच लाज वाटू लागली. आईच्या वयाच्या बाईला आपण नको ते बोललो. आता निदान आपलं खरं होतं, एवढा तरी पुरावा हाताशी हवा होता. कंपनीचा वरचा प्लॅन घेतला की कॅमेऱ्याला दिलेल्या तोंडी सूचना बोलणाऱ्याच्या आवाजासकट ऐकता यायच्या. दरमहा कशाला खर्च, म्हणून तो इतके दिवस टाळत आला होता. आज त्याने पैसे भरले, वडिलांच्या उशाशी बसला आणि आजच्या दुपारची सूचना लावली.

आवाज मावशींचा नव्हता.

“कॅमेरा... बंद कर,” बाबा अडखळत, पण स्पष्ट बोलले होते. “मावशी, आजही... अंथरुणातच झालं. पोराला... दिसायला नको.”