थेंबाथेंबानं

काचपेटीत माती, शेवाळ, नेचे असं सगळं केतकीनं हौसेनं लावलं. पण अंगठ्याएवढा कॅमेलिऑन सरडा परवापासून पाण्याला शिवला नव्हता.

"वाटीत आहे की पाणी!" सासूबाई म्हणाल्या.

"वाटीतलं त्याला कळत नाही, आई. पानावरून थेंब ओघळला तरच पितो. ठिबकायचं यंत्र बिघडलंय. आज प्यायला नाही, तर जगायचा नाही."

सासूबाई देवघरातून महादेवावरचं अभिषेकपात्र घेऊन आल्या.

"अहो, देवाचं आहे ते!"

"मग? कीर्तनात इतकी वर्षं 'तहानलेल्या जिवातच देव' ऐकून मी नुसत्या टाळ्याच वाजवल्या का? टांग बघू."

पात्र ठिबकू लागलं. नेच्याच्या पानावरून थेंब ओघळला. सरड्यानं मान वळवली आणि जीभ लावली.

"पितोय, आई!"

"पिणारच. हे राहू दे इथंच. महादेवाला मी तांब्यानं घालीन. त्याला कसंही चालतं."