थोरला कोण

गाडी थांबायच्या आत सिल्व्हियानं उडी मारली. अठरा वर्षं कोठडीत काढलेले पाय ते, एक लगेच मुरगळला. तशीच लंगडत ती धनगराच्या झोपडीपर्यंत गेली.

दारात लारेन्शिया जवाची लापशी घोटत होती. सिल्व्हियाच्या जुळ्यांना हिनंच दूध पाजून वाढवलं होतं.

"माझी मुलं कुठायत?"

"टेकडीवर. रोम्युलस भिंत बांधतोय आणि रेमस उभा राहून दात काढतोय. कालपासून नुसती धुसफूस. बसा, बाईसाहेब."

"बसायला कुठला वेळ? एकमेकांच्या जिवावर उठतील ती."

टेकडीवर नवं नगर वसवायचं होतं आणि राजा एकच होणार होता. थोरला तो राजा, हे कुणालाही मान्य. पण जुळ्यांत थोरला कोण? म्हणून दोघांनी गिधाडं मोजली. रेमसला आधी सहा दिसली, रोम्युलसला नंतर बारा, आणि दोघंही आपणच जिंकलो म्हणून बसले. आकाशातल्या गिधाडांना विचारलं, पण आईला विचारायचं एकालाही सुचलं नाही. माहेरी, आल्बा नगरात, ही बातमी कानावर येताच सिल्व्हियानं गाडी जुंपायला लावली.

"तुम्हाला ठाऊक आहे थोरला कोण ते?" लारेन्शियाचा हात थांबला.

"तोंडावरून नाही सांगता येणार. माझ्याजवळ होती एकच दिवस. दुसऱ्या सकाळी राज्य बळकावलेल्या काकानं मला कोठडीत टाकलं आणि ती टोपलीत घालून नदीत सोडली. पण आमच्या घराण्याची खूण आहे. पायाची शेवटची दोन बोटं जुळलेली. माझ्या वडिलांची आहेत, माझी आहेत. थोरल्याची उजव्या पायाची, धाकट्याची डाव्या. पायताणं काढायला लावते दोघांना, की मिटलं भांडण. तू तर रोज न्हाऊ घालायचीस. तुला दिसलं नाही?"

"घरची अकरा, वर ही दोन. बोटं कोण मोजत बसतं?" लारेन्शिया म्हणाली. "पाय सुजलाय तुमचा. असा चढ चढलात तर गडगडत खाली याल. बांधून देते. तोवर दोन घास खा."

तिनं फडकं शोधलं, फाडलं, भिजवलं. सिल्व्हियाचा जीव टांगणीला लागलेला आणि हिचं सगळं कसं सावकाश.

"लोक म्हणतात माझ्या मुलांना लांडगीनं पाजलं."

"लोकांचं काय जातंय! लांडगीला रात्रभर रडणारी पोरं खांद्यावर घेता येतात होय?"

"तुला दूध कसं होतं तेव्हा?"

"नुकतीच बाळंत झाले होते. बारावं. जमिनीवर ठेवलं, पण नवऱ्यानं उचललं नाही. बापानं उचललं नाही तर पोर घरचं होत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणाला, नदीवर ठेवून ये. गेले, तर काठाला तुमची टोपली अडकलेली. घेऊन आले घरी."

"आणि माझी दोन उचलली त्यानं?"

"राजाची नातवंडं ना ती. उचलली."

"वा! माझी हिसकावून नेली तेव्हा मी पहारेकऱ्याचा हात फोडला होता चावून. आणि तू आपल्या हातानं पोर सोडून आलीस. काळीज आहे की दगड?"

लारेन्शियानं पट्टीची गाठ मारली. मग सोडून पुन्हा मारली.

जवळची वाट निसरडी म्हणून लारेन्शियानं लांबची धरली. निम्म्यात पोचल्या तेव्हा वरून आरडाओरडा ऐकू आला आणि एकदम थांबला. थोड्या वेळानं चार माणसं फळीवर रेमसला घेऊन खाली आली. कमरेएवढी ती भिंत. त्यानं चेष्टेनं तिच्यावरून उडी मारली आणि रोम्युलसनं त्याच्या डोक्यात कुदळ घातली होती. आता रोम्युलस भिंतीशी डोकं धरून बसला होता, कुणाला जवळ येऊ देत नव्हता.

सिल्व्हियाला रडू येईना. एवढी वर्षं अंधारात जगली ती या दोघांसाठी, आणि उजेडात आल्यावर हे पाहायला मिळालं.

झोपडीत मयताला ठेवलं. लारेन्शिया पाण्याचं भांडं घेऊन आत जाऊ लागली, तर सिल्व्हियानं भांडं हिसकावलं.

"तू बाहेर थांब. न्हाऊ घालायचा हक्क जन्म दिलेलीचा. तुझ्या त्या लापशीपायी माझा मुलगा गेला."

लारेन्शिया उंबऱ्याबाहेर मातीत बसली.

सिल्व्हियानं त्याचं कपाळ पुसलं, छाती पुसली, हात पुसले. निदान आपला कोणता गेला ते तरी कळू दे, असं तिला वाटलं. उजवं पायताण सोडलं. पाचही बोटं सुटी. म्हणजे धाकटा, ती पुटपुटली. तिनं डावं सोडलं. चिखल होता, म्हणून धुतलं. मग पुन्हा धुतलं आणि एकेका बोटामधून आपलं बोट फिरवलं.

याही पायाची पाचही सुटीच होती. मग ओलं फडकं घेऊन बाहेर आली आणि लारेन्शियाच्या हातात दिलं.

"जा आत," ती म्हणाली, "तुझ्या लेकराला न्हाऊ घाल."