खोडलेलं नाव

१९८६ सालातली गोष्ट. कतारला दोह्यात, नजमा भागातल्या खोलीवर, शुक्रवारच्या सुट्टीला ड्रायव्हर संपत केरबाला त्याच्या बायकोचं पत्र वाचून दाखवत होता. केरबा पाच वर्षं इथं वेल्डर होता, पण त्याला वाचता येत नव्हतं.

केरबाच्या बायकोनं, बायडाबाईनं, पत्र गावातल्या गुरुजींकडून लिहून घेतलं होतं. "गरिबांची नवी यादी करायला ग्रामसेवक आले होते. जुन्या यादीत आपलं नाव होतं. मी म्हणलं, खोडा ते. आता घरावर पत्रे आलेत, दोन्ही पोरी शाळेत जात्यात. आमी गरीब न्हाई. आमच्या जागी शेजारच्या तानूबाईचं नाव घाला. ग्रामसेवक म्हणले, नाव घाला म्हणून समदे येत्यात, काढा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

केरबानं तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला. मग तिसऱ्यांदा. ऐकता ऐकता तो हसला आणि त्यानं गमछ्यानं डोळे पुसले.

संपतनं उत्तरासाठी कागद घेतला. "काय लिहू?"

"लिही, लई झ्याक केलंस."

"आन् कंपनीचं?"

कालच कंपनीनं चाळीस जणांना काम खलास झाल्याचं सांगितलं होतं. त्यात केरबा होता. महिनाअखेरीला त्याला परत जायचं होतं.

केरबानं बायकोचं पत्र घडी करून उशाखाली ठेवलं.

"ते नको लिहू. गेल्यावर मीच सांगीन. तवर तरी तिला यादीच्या भाईर ऱ्हाऊ दे."