कामापुरते शब्द

पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं सासरकडचं. म्हणून दुर्गाबाई जाफराबादहून हाँगकाँगला सुनेकडे निघाल्या होत्या. तिथं बाळंतिणीसाठी ठेवलेल्या बाईला कॅन्टोनीजशिवाय काही येत नव्हतं. तिच्या हाताखाली काम करताना अडायला नको, म्हणून सुनेनं, अर्पितानं, मोबाईलवर चार शब्द पाठवले. लो लै म्हणजे आण. चिप म्हणजे घे. चप म्हणजे उचल. लो हॉय म्हणजे घेऊन जा.

तूर निवडता निवडता दुर्गाबाईंनी ते आठवडाभर घोकले. पाचवा शब्द काही आला नाही. शेवटी त्यांचं डोकं फिरलं आणि त्यांनी फोन लावला.

"आण, घे, उचल, घेऊन जा! त्यात 'बसा' न्हाई, 'जेवलात का' न्हाई! मी सासू म्हणून येऊन राह्यले का कामवाली म्हणून? एवढ्या चार शब्दांवर घरात माणसाचं भागतं का गं?"



"भागतं की, आई. मी नांदायला आल्ते, तेव्हा वर्षभर तुम्ही माझ्याशी एवढंच बोलत होत्या."