अंगावर घेतलेलं संकट

यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा सासूबाईंनी माशांची टाकी आणवली. बर्डीच्या बाजारातल्या मासेवाल्या दुकानदारानं बजावलं होतं, "नवं पाणी तीन आठवडे मुरू द्या, नाहीतर मासे मरतात." सासूबाईंनी त्याच दिवशी चार सोडले. चौथाही आज मेला. "पाह्य वं, माझ्या गिरिधरवरचं संकट त्यानं अंगावर घेतलं," म्हणत त्या नव्या पिशवीची गाठ सोडू लागल्या. आत तीन इवले मासे फिरत होते. मी पिशवीचं तोंड मुठीत धरलं. "हात काढ. नवरा नको झाला का तुले?" बावीस वर्षांत त्यांना उलट बोलले नव्हते. "यांच्यासाठी सोळा सोमवार धरले, आणखी सोळा धरीन. पण मुक्या जिवाले मारू देणार नाही, आई." "अन् त्याले काही झालं तं?" "मंग महादेवाले जाब विचारीन, मासोळीले नाही." त्यांच्या हातून पिशवी काढून घेतली आणि पदराखाली धरून मासे परत द्यायला उन्हात दुकानाकडे निघाले.