तीन वर्षं उशिरा

लॉन्ड्रीवाल्या बाईंनी बाबांच्या पदकांची पुस्तिका हातात घेतली, पण उघडली नाही. इस्त्री उभी करून ठेवली आणि विचारलं, "ही तुम्हाला कुठे मिळाली?"

"जुन्या बाजारात. चार वर्षं झाली. पत्रं लिहून लिहून तुमचा पत्ता लागायलाच एवढा वेळ गेला."

"बाबा गेल्यावर त्यांची खोली रिकामी केली, तेव्हा सगळं भंगारात दिलं होतं मी. ही ज्या डब्यात होती, तो उघडूनही बघितला नव्हता."

एकोणतीस पत्रं लिहिली होती म्हाताऱ्याने, वेगवेगळ्या कचेऱ्यांना. सतरा पत्रांना उत्तरच आलं नव्हतं. आज दोन बस बदलून, पत्ता विचारत विचारत तो इथवर पोचला होता आणि आता त्याच्या पायांत जीव उरला नव्हता. बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. स्वतः उभ्याच राहिल्या. दिवसभर उभं राहून राहून बसायची सवय मोडलेल्या माणसासारख्या.

रुग्णालयात एक्स-रे काढण्यात त्याची उमर गेली होती. फावल्या वेळात तो आपल्या देशाच्या जुन्या सोव्हिएत लष्कराची पदकं जमवायचा, तीही फक्त दीर्घसेवेची. दहा वर्षं, पंधरा वर्षं, वीस वर्षं. "शौर्याचं एखादं तरी आणा," बायको म्हणायची, "ही सगळी हजेरीची बक्षिसं." बाकीचे संग्राहकही त्यांच्याकडे ढुंकून बघत नसत. त्याला मात्र त्यांचाच लळा लागला होता. रोज उठून मुकाट्याने कामावर गेलेल्यांची कुणीतरी नोंद ठेवायला हवी, एवढंच त्याचं म्हणणं.

त्याने रुमालाची गाठ सोडली आणि तीन पदकं काउंटरवर ओळीने मांडली. पदकांवर नाव नसतं; पुस्तिका हरवली की पदक कुणाचंच राहत नाही. एकाच माणसाची तिन्ही पदकं आणि सोबत त्याच्या नावाची पुस्तिका, असा संच त्याच्याकडे हा एकच होता. पुढच्या महिन्यात सगळा संग्रह तो संग्रहालयाला देणार होता. डोळे आता साथ देत नव्हते.

"विकायला नाही आलो, ताई. एक विचारायचं होतं." त्याने पुस्तिका परत घेतली आणि उघडून तारखांवर बोट ठेवलं. "दहा वर्षांचं वेळेवर मिळालंय. पंधराचं त्यानंतर पाच वर्षांनी मिळायला हवं होतं. मिळालं आठ वर्षांनी. मध्ये काय झालं?"

"तुमच्या पत्रांतून नाही कळलं?"

"शिक्षा झाली की पदक पुढे ढकलतात, एवढं कळलं. शिक्षा कशाची, ते कुणी सांगेना."

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "आणि हे काय लिहिलंय यावर?"

"निष्कलंक सेवेबद्दल."

"अस्सं."

त्यांनी एका बोटाने मधलं पदक ओळीत सरळ केलं.

"आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "बाबांना तार केली होती. सराव चालू होता म्हणे, रजा मिळाली नाही. घरात मी आणि शेजारच्या काकू. पाचव्या दिवशी बाबा दारात उभे. कुणाला न विचारता आले होते. अकरा दिवस राहिले. बाराव्या दिवशी दोन शिपाई आले आणि घेऊन गेले."

"मग?"

"मग काय, मावशीने वाढवलं. बाबा सुट्टीत यायचे, पाहुण्यासारखे. खुर्चीच्या काठावर बसायचे."

म्हाताऱ्याने वही काढली. 'विलंबाचे कारण' असा एक रकाना त्याने उशिरा पदक मिळालेल्या प्रत्येकासाठी आखला होता. बहुतेक ठिकाणी त्याने 'शिस्तभंग' लिहून टाकलं होतं. कुणी कशापायी शिस्त मोडली होती, कोण जाणे. पेन त्याने टेकवलं, पण ते पुढे सरकेना.

"लिहा की, पळून गेला होता," बाई म्हणाल्या. "खोटं कुठे आहे?"

"कुठे पळून गेले होते, तेही लिहावं लागेल."

त्याने लिहिलं: 'अकरा दिवस घरी.' लिहून झाल्यावरही तो त्या ओळीकडे बघत राहिला. मागची पानं उलटून बघायचं त्याला धाडस झालं नाही.

बाईंनी मधलं, पंधरा वर्षांचं पदक उचललं. "हे मला राहू द्याल? बाकीची दोन नकोत."

"संच मोडेल, ताई."

"मोडेल," बाई म्हणाल्या. गयावया नाही, राग नाही. पदक त्यांनी परत जागेवर ठेवलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक शर्ट न्यायला आलं. पावती, हँगर, डाग निघाला नाही म्हणून थोडी कुरकुर. ते जाईपर्यंत म्हाताऱ्याने दोन पदकं आणि पुस्तिका रुमालात बांधली होती. मधलं तिथेच होतं.

बाईंनी ते पाहिलं. आभार मानले नाहीत. पदक मुठीत घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

तो काउंटरला धरून उठला. दारापाशी जाऊन थांबला. "अकरा दिवस काय करायचे हो ते घरी?"

"काही नाही. स्वयंपाक येत नव्हता त्यांना. रडताही येत नव्हतं. सकाळी तेवढी माझी वेणी घालायचे. बुटाची नाडी आवळतात ना, तशी."

त्यांनी इस्त्री उचलली, तापली आहे का ते पाहिलं.

"त्यांना नेलं, तेव्हापासून सहा दिवस मी ती वेणी कुणाला सोडू दिली नाही."