बारावी झोपडी

“ही बारावी, विधवेची झोपडी,” दारावरची इंग्रजी पाटी अबूबकर हिंदीत समजावून सांगत होता. हा तिथल्या प्रदर्शनी गावाचा वाटाड्या. “नवरा मेल्यावर बाई इथे एकटी बसते. तिला सणाला, लग्नाला कोणी बोलावत नाही. शुभकार्यात तिचा हात लागू देत नाहीत.”

“बाई गं!” शैलजाताई हळहळल्या. “कुठल्या काळात राहतात ही माणसं!”

कोणती जमात, कोणता देश, हे पाटीवर नव्हते. विश्वचषकाच्या पाहुण्यांसाठीची रंगीत तालीम म्हणून आखाती देशातल्या अल वक्राजवळच्या मैदानात हे ‘पारंपरिक आफ्रिकी गाव’ उभारले होते. चोपन्न देशांचा खंड बारा झोपड्यांत बसवताना आयोजकांना जागा अपुरी पडल्याचे दिसत नव्हते; तेरावीत शीतपेये मिळत होती.

मराठी महिला मंडळाची ही संक्रांतीची सहल. शुक्रवारची सुट्टी साधून बस निघाली होती आणि हळदीकुंकूही इथेच उरकायचे ठरले होते.

“मृणालिनी, तिळगुळाचं ताट तू धर,” शैलजाताईंनी बसमध्येच सांगितले होते. “तुझा हात कसा स्थिर असतो.”

नवरा अवधूत हयात होता तोवर तिच्या हाताचा हा गुण कोणाच्या ध्यानात आला नव्हता. त्याच्या माघारी ही दुसरी संक्रांत. पहिलीला ती घराबाहेर पडली नव्हती. आज निघताना मात्र तिने आरशासमोर एक गोष्ट पक्की केली होती: करंडा आपल्यापाशी येईल, तेव्हा मागे सरायचे नाही, कपाळ पुढे करायचे.

झोपडीत, चेहऱ्याला राख फासून, एक तरुणी चटईवर बसली होती.

“हिलाही लावू या ना!” नुपूरने फोन उगारला. मंडळाची ही सर्वांत तरुण सभासद. “काय फोटो येईल, ताई! संस्कृतीसंगम!”

शैलजाताई करंडा उघडता उघडता थबकल्या. “अगं, पण ही... आधी विचार तरी.”

“आपका हजबंड है?” नुपूरने विचारले. “सचमुच का?”

“है मॅडम,” तरुणी हसली. “मोंबासा में टॅक्सी चलाता. मेरा नाम जैतून. मैं मॉल में कॅशियर. इधर खाली फ्रायडे.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रुमालाने कपाळापुरती राख पुसली गेली, तिथे हळद टेकली, कुंकू टेकले. पाहुण्यांना नकार द्यायचा नाही, ही नोकरीची अट पाळत जैतूनने मान वाकवली. फोटो उत्तम आला.

मग करंडा कपाळामागून कपाळ ओलांडत मृणालिनीपाशी पोहोचला.

तिने मान उचलली. कपाळ पुढे केले.

शैलजाताईंचे लाल बोट क्षणभर हवेत राहिले. मग त्यांनी ते पदराला पुसले, मृणालिनीच्याच ताटातला एक लाडू उचलला आणि तिच्या ओठांशी नेला.

“घे. गोड बोल हं.”

“इस मॅडम का बाकी है,” चटईवरून जैतून म्हणाली.

नुपूर जैतूनच्या कानाशी वाकली. “उसको नहीं लगाते. उसका हजबंड ऑफ हो गया.”

जैतूनने मृणालिनीकडे पाहिले, मग दारावरच्या पाटीकडे. मग ती चटईवर जराशी सरकली. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

“बैठो मॅडम,” ती म्हणाली. “मेरा ड्यूटी पाच बजे खलास.”

मृणालिनीने ताट शैलजाताईंच्या हाती दिले. दाराशी चपला काढल्या आणि जाऊन बसली.

बाहेर अबूबकरने “यल्ला, यल्ला” अशी घाई करीत पुढचा भारतीयांचा गट आणला होता. पाटी पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू झाली. पाचसहा कॅमेरे आत वळले. दोघींपैकी कोणाकडे रोखावेत, याविषयी त्यांच्या मनात संभ्रम नव्हता. एकीच्या कपाळावर कुंकू होते.

“ऊठ गं!” दोन्ही हातांत ताट धरून शैलजाताई दबक्या आवाजात म्हणाल्या. “लोक तुझे फोटो काढताहेत!”

“काढू देत, ताई,” मृणालिनी म्हणाली. “पाटीवर बरोबरच लिहिलंय.”